साहेबाच्या हॉटेलात उपाशी

जावई या जातीबद्दल लोक जे काही वाईटसाईट बोलतात ते सगळं खरं आहे. हे मी खात्रीनं सांगतो, कारण डोक्यावर काळे केस होते तेव्हापासून मी जावई आहे, आणि आता केसच उरले नाहीत तरी ते पद सुटलेलं नाही. सरकारनं मला वेळेवर निवृत्त केलं, हार घातला, नारळ दिला. जावईपणातून निवृत्त करायची सोय आपल्याकडं नाही.

मी अकोल्याचा, सासुरवाडी अमरावतीची. म्हणजे मधे फक्त मूर्तिजापूर आणि बडनेरा. पण सासुरवाडी जवळ असो की लांब, बोलावल्याशिवाय जायचं नाही हा माझा नेम. अमरावतीत सरकारी काम निघालं तरी मी स्टँडवर समोसा खाऊन परत यायचो. बायको म्हणायची, घरी जाऊन आईच्या हातचे दोन घास खाल्ले असते तर काय झालं असतं? मी म्हणायचो, बोलावलं होतं का कोणी?

तीन वर्षांतून एकदा मात्र रीतसर बोलावणं यायचं. अधिक महिन्याला आमच्याकडे धोंड्याचा महिना म्हणतात. त्या महिन्यात लेक-जावयाला बोलवायचं, लक्ष्मी-नारायण समजून त्यांचे पाय धुवायचे, कणकेत पुरण भरून वाफवलेले धोंडे वरून तूप सोडून खाऊ घालायचे, आणि वाण देऊन पाठवायचं. वर्षभर ज्याच्या नावानं बोटं मोडली, तोच माणूस त्या दिवशी नारायण. मी दर खेपेला नारायण होऊन गेलो आणि नारायणाला शोभेल इतका रुसूनही आलो. एकदा उशी कडक होती, एकदा टॉवेल जुना होता. कारण सापडलं नाही असं कधी झालं नाही.

यंदा धोंड्याचा महिना भर उन्हाळ्यात आला, आणि बोलावणं आलं मोबाईलवर. माझ्या साळ्यानं एका हॉटेलचा फोटो टाकला, त्याखाली लिहिलं, 'भाऊजी, यंदा धोंडे इथे', आणि पुढं हात जोडलेली दोन पिवळी चित्रं. माणूस नाही, कुंकू नाही, साधा फोन नाही. मी दोन दिवस उत्तर दिलं नाही. वाचल्याच्या निळ्या खुणा त्याला दिसत असतील, याचंच समाधान.

साळा तसा वाईट नाही. ठिबकच्या नळ्या विकतो. नळ्या विकता विकता मोठा झाला, आणि पैसा आला की माणसाला जुन्या वस्तू आवडायला लागतात, तसं त्याचंही झालं. घरचा पितळी हंडा त्यानंच पोरपणी मोडीत घालून कुल्फी खाल्ली होती. आता तसाच हंडा कुठूनसा विकत आणून दिवाणखान्यात ठेवला आहे आणि त्यात प्लास्टिकचं झाड लावलं आहे. असा माणूस आईला घेऊन साहेबाच्या हॉटेलात गेला नाही तरच नवल.

मी जाणार नव्हतोच. पण दुसऱ्या दिवशी बायको समोर येऊन बसली. ती अशी समोर बसली की समजायचं, बोलणं खरं आहे. सासूबाईंचं खुब्याचं हाड मागच्या वर्षी मोडलं. तेव्हापासून त्या वॉकर धरून चालतात आणि डॉक्टरनं चुलीपुढं, म्हणजे गॅसपुढं, उभं राहायला बंदी केली आहे. ज्या बाईनं जन्मभर माणसं जेवू घातली तिला आता कुणी पोळी लाटू देत नाही. त्यातून त्यांना साखरेचा आजार, सकाळची गोळी घेतली की वेळेवर पोटात काही जायलाच पाहिजे. आणि त्या बाईनं ठरवलं होतं की धोंड्याच्या दिवशी जावई पोटभर जेवल्याशिवाय आपण घास घ्यायचा नाही, पाणीसुद्धा नाही. पुढच्या धोंड्याचं कोणी पाहिलं, असं फोनवर लेकीला म्हणाल्या.

"तुमी तिथं जाऊन नखरे करू नका," बायको म्हणाली. "जेवा अन् मोकळे व्हा. तुमी जेवले का तिच्या पोटात पाणी जाईन."

मी म्हटलं, मी काय लहान आहे? हा प्रश्न तिनं ऐकलाच नाही असं दाखवलं.

एसटीनं गेलो. साळा गाडी पाठवत होता, पण मोबाईलवर बोलावलेल्या जावयानं गाडीत बसणं मला पटलं नाही. बायकोचं तिकीट अर्धं, माझं पूर्ण. यावरून सरकारदरबारी मान कोणाचा ते कळलं. खिडकीतून असा वारा येत होता की कंडक्टरनं तोंडाला दुपट्टा बांधूनच तिकिटं फाडली. बायकोनं नेहमीप्रमाणे डब्यात दशम्या घेतल्या होत्या. दोन तासांचा प्रवास आणि शेवटी जेवणाचंच ठिकाण, तरी दशम्या. आमच्या घरात शिदोरीशिवाय कोणी उंबरठा ओलांडत नाही, भले पुढच्या गल्लीत जायचं असो. मी मात्र सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. धोंडे जेवायला जायचं तर पोट रिकामं पाहिजे, हा माझा दुसरा नेम.

आता त्या हॉटेलाबद्दल. कापूस विकत घ्यायला विलायतेहून येणाऱ्या साहेबांसाठी ते कॅम्पात बांधलं होतं. साहेब गेले, हॉटेल बंद पडलं, आणि सरकारनं तिथं आमच्या बांधकाम खात्याचं गोदाम केलं. मी त्या इमारतीत पुष्कळदा गेलो आहे. जिथं साहेब-मडम नाचायचे त्या दिवाणखान्यात आमचे डांबराचे पिंप असायचे. वर छताला कबुतरं आणि खाली चौकीदाराची बकरी. दर दोन वर्षांनी आम्ही त्या इमारतीला सरकारी पिवळा रंग मारायचो, लाकूड असो, दगड असो, भेद करायचा नाही. खिडकीच्या रंगीत काचांवरसुद्धा एकदा रंग मारला गेला, कारण वरून हुकूम 'संपूर्ण इमारत' असा होता. नंतर कोणा धनवंतानं ती घेतली, आमचा रंग खरवडून काढला, आणि खरवडायला मारण्यापेक्षा जास्त खर्च आला असं ऐकलं. ऐकून मला बरं वाटलं. काम पक्कं होतं म्हणायचं.

दारात एक मिशाळ इसम उभा होता. डोक्यावर राजस्थानी साफा, अंगात लाल कोट, पायात चढाव. उन्हानं त्याचा जीव अर्धा झालेला. त्यानं मला वाकून इंग्रजीत स्वागत केलं. मी विचारलं, गाव कोणतं? तर अचलपूर. मग साफा कुठला? तो म्हणाला, पाहुण्यायले असाच आवडते. पुढं त्यानं दशम्यांचा डबा काढून घेतला, कारण बाहेरचं खाणं आत चालत नाही, आणि डब्याच्या बदल्यात पितळी बिल्ला दिला. बायको त्या बिल्ल्याकडे बघतच राहिली. तिच्या दशम्यांना आजवर कोणी पावती दिली नव्हती.

आत साळा, त्याची बायको आणि सासूबाई वाट पाहत होते. साळा बंद गळ्याच्या कोटात होता. अमरावतीत, उन्हाळ्यात. सासूबाई मोठ्या खुर्चीत एका कडेला बसल्या होत्या, समोर वॉकर, वॉकरला कापडी पिशवी लटकलेली. मला पाहून त्यांनी डोक्यावर पदर घेतला. मी वाकून नमस्कार केला तेव्हा त्यांचे हात कोरडे आणि गार लागले.

घरी असतो तर आता परातीत पाय धुतले असते. इथं एक मुलगी चिमट्यात धरून बर्फासारखा गार, सुवासिक रुमाल घेऊन आली. पायाला लावायचा की तोंडाला, मला कळेना. साळ्यानं तोंड पुसलं, म्हणून मीही पुसलं. नारायणाचं पाद्यपूजन आटोपलं.

मग मॅनेजर आम्हाला इमारत दाखवायला निघाला. तरतरीत माणूस, बोलणं गोड. कोणत्या पलंगावर कोणता लाटसाहेब झोपला होता हे तो असं सांगायचा जणू चादर यानंच बदलली होती. न्हाणीघरात वाघाचे पंजे असलेला पांढरा टब होता, त्यात आमच्या अकोल्याच्या घरी चार दिवस पुरेल इतकं पाणी मावलं असतं. जिना चढताना कुरकुरला, तर ही कुरकुर मुद्दाम राखली आहे असं त्यानं सांगितलं. माझ्या गुडघ्यांचीही मीच मुद्दाम राखली आहे असं आता मी सांगत असतो. छताला कापडी पंखा लटकत होता, पूर्वी दोरीनं ओढायचा तो. आता त्याला मोटार लावली आहे, आणि वारा येतो एसीचा.

भिंतीवर फोटो होते. एका फोटोखाली साहेबाचं नाव, मडमेचं नाव, कुत्र्याचंसुद्धा नाव. मागं दोरी धरून उभ्या असलेल्या माणसाच्या नावाच्या जागी 'स्थानिक सेवक' एवढंच. मी मॅनेजरला विचारलं, गोदामाचा एखादा फोटो आहे का, डांबराच्या पिंपांचा? तो हसला. त्याला तो विनोद वाटला. त्याच्या इतिहासात साहेब गेले ते बोटीत बसले आणि त्याच दारातून लगेच आम्ही जेवायला आलो. मधल्या ज्या वर्षांत मी होतो ती सगळी चुन्याखाली गेली. मला राग आला, पण पोटात कावळे ओरडत होते, म्हणून मी इतिहास सोडून दिला.

आता जेवण. इथं एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्याकडे पाहुणा, त्यातून जावई, पहिल्या वाढण्याला 'नको' म्हणतो. ते म्हणावंच लागतं. तसं म्हटलं नाही तर लोक म्हणतील, घरी उपाशी असतो काय? दुसऱ्यांदा कोणी वाढायला आलं की ताटावर आडवा हात धरायचा. तिसऱ्यांदा वाढणाऱ्यानं त्या हाताच्या फटीतून वाढायचं, तूप बोटांवरून गेलं तरी चालतं, आणि मग आपण 'काय हे' म्हणून जेवायला लागायचं. 'नको' म्हणजे नकार नव्हे. जेवणाची ती सुरुवात आहे. जो पहिल्याच 'नको'ला भांडं घेऊन पुढं जातो त्याला आमच्याकडे वाढायला उभं करत नाहीत, आणि त्याच्या घरी मुलगीही देत नाहीत.

पांढरे हातमोजे घातलेला वाढपी माझ्याजवळ आला आणि सूपचं भांडं पुढं केलं. मी म्हटलं, नको. तो वाकला आणि निघून गेला.

मी बघतच राहिलो. वाटलं, नवीन असेल बिचारा. मग आलं ज्वारीचं पापुद्र्यासारखं काहीतरी, त्यावर झुणक्याचा फेस आणि कडेला ठेच्याचा एक ठिपका, नजर लागू नये म्हणून लावतात तेवढा. नाव मोठं इंग्रजी होतं. सवयीनं तोंडातून गेलं, नको. तो पुन्हा वाकला, पुन्हा गेला. तिसऱ्यांदा अर्धं वांगं आलं. या खेपेला मी मान हलवायची ठरवली होती, देवाशपथ ठरवली होती, पण हात आपोआप ताटावर आडवा गेला. इतक्या वर्षांची सवय, ती हाताला सोडवेना. वाढप्यानं वांगं उचललं, वर माझी क्षमाही मागितली.

साळा आपलं जेवत होता आणि बोलत होता. या खांबाचं लाकूड ब्रह्मदेशातून आलं, त्या झुंबराच्या काचा बेल्जमच्या. आग्रह करायची जबाबदारी त्याची, पण हॉटेलात आलं म्हणजे वाढपी आहेत ना, असा त्याचा हिशेब. त्याची बायको बँकेत अधिकारी. तिला सुट्टीच्या दिवशी कोणाला वाढायला लागत नाही, या आनंदात ती होती, आणि तिचं मला चूक वाटलं नाही. शेवटी साळ्याचं लक्ष माझ्या कोऱ्या ताटाकडे गेलं. भाऊजी डाएटवर दिसतात, असं तो वाढप्याला म्हणाला. झालं. त्यानंतर वाढपी माझ्याजवळ थांबेचना.

बायको टेबलाखालून मला पाय मारत होती. मी तरी काय करू? सासुरवाडीच्या पंक्तीत जावयानं तोंडानं मागायचं? माझ्या बापानं मागितलं नाही, आजानं मागितलं नाही. पातूरकडच्या आमच्या एका चुलत्यानं एकदा सासऱ्याकडे आणखी एक पुरणपोळी मागितली होती. तो मरून गेला, पण ती पोळी अजून नातेवाइकांत फिरते आहे.

आणि माझ्या समोर सासूबाई बसल्या होत्या. त्यांच्या ताटातलं सगळं जसंच्या तसं. काचेच्या ग्लासात पाणी, बाहेरून थेंब सुटलेले, त्याला त्यांनी हात लावला नव्हता. त्यांचं लक्ष फक्त माझ्या ताटाकडे. जवाईबापू काही घेऊन नाही राहिले, असं त्या दोनदा साळ्याला हळूच म्हणाल्या. साळा म्हणाला, आई, तू घे, त्यांचं पथ्य आहे. लेक म्हणाली, निदान पाणी पी. त्यांनी मान हलवली. मग खुर्चीचे दांडे धरून त्या उठायला लागल्या. त्यांना स्वतः वाढायचं होतं. हातमोजेवाला धावत आला आणि हिंदीत अगदी आदबीनं, आप बैठिए माताजी, म्हणून त्यांना परत बसवलं. घरात डॉक्टरनं बसवलं, इथं यानं.

मधे एकदा छोट्या काचेच्या पेल्यात लिंबाचा बर्फ आला. मी घाईघाईनं 'हो' म्हटलं आणि चमच्यानं खाल्ला. सासूबाईंनी आशेनं पाहिलं. बर्फाला जेवण म्हणायचं का, याचा त्यांनी क्षणभर विचार केला असावा. मग त्यांचा चेहरा पुन्हा पडला, आणि ग्लास तिथंच राहिला.

मग त्यांचा हात थरथरायला लागला. बोटांजवळचा चमचा ताटलीला लागून बारीक वाजत होता. साळ्याला वाटलं आईला थंडी वाजते, त्यानं एसी कमी करायला सांगितला. मला ती थरथर माहीत होती. माझ्या आईलाही साखरेचाच आजार होता, पोट रिकामं राहिलं की तिचे हात असेच व्हायचे. बायकोनं माझ्याकडे पाहिलं. आता ती पाय मारत नव्हती, तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तेवढ्यात हात धुवायच्या वाट्या आल्या, कोमट पाण्यात गुलाबाची पाकळी. म्हणजे जेवण संपलं. धोंड्याचा दिवस, आणि जावई कोऱ्या ताटावरून उठणार होता.

खरं सांगतो, मला लाज वाटत होती, भीतीही वाटत होती, आणि त्याहून जास्त माझा मलाच राग आला होता. एका म्हातारीच्या घशात पाणी जात नव्हतं आणि मी इथं आजाची अब्रू राखत बसलो होतो. मी वाटी बाजूला सारली.

"आई," मी म्हटलं, "मले भूक लागली. वाढा मले."

साळ्याचा हात वाटीतच राहिला. सासूबाई माझ्याकडे पाहत राहिल्या. त्यांना नीट ऐकू आलं नाही असं वाटून मी पुन्हा म्हटलं, थोडं मोठ्यानं. दिवाणखान्यातल्या इतर टेबलांवरच्या माना वळल्या. वळू दे म्हटलं.

सासूबाईंनी वॉकर ओढला आणि कापडी पिशवीतून स्टीलचा डबा काढला. म्हाताऱ्या बाईचा वॉकर कोणी तपासत नाही. डब्यात धोंडे होते. पहाटे खुर्चीवर बसून त्यांनी स्वतः पुरण भरलं होतं आणि सुनेनं ते वाफवले होते. हे साळ्याला माहीत नव्हतं. त्याची बायको वाटीतल्या पाकळीकडे बघत बसली होती, यावरून मला कळलं की आत डबा आणायची युक्तीही तिचीच. सोबत तुपाची बुटकी शिशी होती. घरून निघताना पातळ असलेलं तूप एसीनं थिजून गेलं होतं. त्यांनी बोटानं खरवडून काढलं आणि धोंड्यावर लावलं. त्या थरथरत्या हातानं माझ्या ताटात एक ठेवला, मग दुसरा. मी 'नको' म्हटलं नाही. तिसराही घेतला.

मी खायला लागलो आणि मग त्यांनी पाण्याचा ग्लास उचलला. दोन्ही हातांनी धरून, सगळं पाणी प्यायल्या. लेकीनं धोंड्याचा तुकडा त्यांच्या तोंडात घातला. थोड्या वेळानं चमच्याचं वाजणं थांबलं.

एवढ्यात त्या दालनाचा मुख्य वाढपी आला. त्याला तिथं कॅप्टन म्हणतात, का ते देव जाणे. बाहेरचं खाणं इथं चालत नाही, असं त्यानं फार नम्रपणे सांगितलं. साळा उठून उभा राहिला, कोटाची बटणं लावू लागला. मला वाटलं, आता हा आईचा डबा बंद करतो. पण सासूबाईंना कॅप्टनच्या बोलण्यातलं 'नहीं' एवढंच ऐकू आलं होतं, आणि 'नाही' म्हणणाऱ्या माणसाचं काय करायचं हे त्यांना जन्मभर माहीत होतं. त्यांनी एक धोंडा उचलून त्याच्यापुढं धरला. तो म्हणाला, नहीं माताजी. त्यांनी हात मागं घेतला नाही. तो म्हणाला, नियम आहे. त्यांनी त्याच्या पांढऱ्या हातमोज्यावर धोंडा ठेवून दिला आणि वर तूप लावलं.

"घे बाप्पा," त्या म्हणाल्या. "लाजू नको."

कॅप्टननं इकडंतिकडं पाहिलं. मग खांबाआड, त्या ब्रह्मदेशच्या लाकडाआड, पाठ करून उभा राहिला. परत आला तेव्हा हातमोजा तुपकट होता आणि नियमाचं पुन्हा नाव निघालं नाही. साळा खाली बसला. कोट काढून खुर्चीला लावला. सात प्रकार जेवलेल्या त्या माणसानं आपलं ताट आईपुढं सरकवलं.

वाण द्यायच्या वेळी सासूबाईंनी लेकीच्या ओटीत अनारसे घातले. माझ्यासाठी धोतरजोडी आणली होती, ती त्यांनी हातात धरली, पण लगेच दिली नाही.

"मांगून तं पोरगं खाते," त्या म्हणाल्या. "जवाई थोडी मांगते. जवायाले तीन वर्सानं बोलवा लागते. पोराले कोन बोलावते? भूक लागली की येते."

मग धोतरजोडी पिशवीत परत ठेवली. मी निघेपर्यंत वाट पाहिली, ती काही बाहेर आली नाही. माझा मानपान तिथंच, साहेबाच्या दिवाणखान्यात, संपला. जाताना अचलपूरकरानं बिल्ला घेऊन दशम्यांचा डबा परत दिला, आणि बायकोनं त्यातल्या दोन त्यालाच दिल्या. तो 'नको' म्हणाला, तिनं ऐकलं नाही.

अधिक महिना संपल्यावर मला अमरावतीत पेन्शनचं काम निघालं. काम झालं, दुपार झाली, मी सवयीनं स्टँडकडं निघालो. समोशाच्या गाडीपाशी थोडा थांबलो. मग रिक्षा केली.

साळ्याच्या बायकोनं दार उघडलं, त्या दिवशी बँकेतून रजा काढून ती घरी होती. ती चकित झाली, काही काम होतं का भाऊजी, म्हणून विचारलं. मला काय सांगावं सुचेना. मी दारातच चप्पल काढावी की नाही, असा उभा राहिलो. आतून वॉकरचा आवाज आला आणि मागोमाग सासूबाईंचा, कोन आलं वं? जवाई आले, सून म्हणाली.

"कोनं बोलावलं त्यायले?"

"कोनंच नाई," मी दारातून सांगितलं.

आत भांडं वाजलं.

"मंग भूक लागली असन," त्या सुनेला म्हणाल्या. "ताट घे."

ताटात सकाळची पोळी होती, वांग्याची भाजी आणि लोणच्याची फोड. पाय कोणी धुतले नाहीत, पदर कोणी घेतला नाही. सासूबाई खुर्ची ओढून शेजारी बसल्या आणि वाढत राहिल्या. मी एकदाही 'नको' म्हटलं नाही.